लेकीच्या घरचं पाणी

लातुरात माझी लॅब आहे. रक्त-लघवी तपासायची. मी डॉक्टर नाही, पण अर्धा बाजार मला डॉक्टरच म्हणतो आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. तोंडाचा मी फटकळ. "शुगर तीनशेच्या वर गेलीय, भाच्याच्या लग्नात किती गुलाबजाम हाणले ते खरं सांग," असं भर काउंटरवर, चार माणसांत विचारायचो. माणसं हसायची. ज्याला विचारलं तोही हसायचा. आता वाटतं, त्याला हसायला काही आलं नसणार, पण माझ्या हातात त्याचा रिपोर्ट होता, मग तो करणार काय?

गेल्या दिवाळीच्या आसपास माझ्या पायातून चप्पल निसटायला लागली. निसटायची आणि मला पत्ताच नाही. मी आपला अनवाणी पुढे, चप्पल मागे, आणि मागून कुणीतरी, "ओ डॉक्टर, चप्पल!" पहिल्यांदा मी हसलो. मग बोटांना मुंग्या, मग जिना चढताना गुडघा दगा द्यायला लागला. माझं घर लॅबच्या वरच्या मजल्यावर. त्या जिन्यावर मी एकदा असा बसलो की उठता येईना. खालून एक पेशंट वर बघत होता. मी त्याला म्हणालो, "काय बघतोस? मी देवाचं नाव घेऊन राहिलोय." तो गेल्यावर बसल्या-बसल्या एकेक पायरी वर सरकलो.

स्वतःचं रक्त मी स्वतःच काढलं. आपण लिंगायत, मांस-मच्छी नाही, तेव्हा बी-ट्वेल्व्ह कमी असणार हे न बघताच ठरवलं होतं, आणि निघालंही थोडं कमी. झालं! इंजेक्शनं सुरू केली. साखर ठीक, थायरॉइड ठीक, स्नायूंचं एन्झाइम ठीक, सोडियम-पोटॅशियम जिथल्या तिथं. रिपोर्ट इतका सरळ की मी तो काचेखाली ठेवावा. आणि मला दरवाज्याच्या उंबऱ्यावर पाय उचलता येत नव्हता. जन्मभर ज्या रक्तावर पोट भरलं, त्यानं मला काहीही सांगितलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारायला मला लाज वाटत होती.

लातुरात दाखवायचं नाही हे मी पक्कं केलं होतं. इथं नसांचे डॉक्टर नाहीत असं नाही, चांगले आहेत, त्यांचे पेशंट माझ्याकडेच येतात. तेच तर दुखणं. मला दोघांनी धरून गाडीतून उतरवलेलं कुणी बघितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते गंजगोलाईच्या बाजारात पोचलं असतं. म्हणून नांदेड. तिथं माझी एकुलती एक लेक दिलेली आहे. बायकोला जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे लेकीशिवाय मला हाक मारायला दुसरं कुणी नव्हतंच.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी पायातल्या नसांमधून करंट सोडून बघितला, पाठीतून पाणी काढलं. त्या पाण्यात प्रथिनं वाढलेली होती आणि पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या अंगातली जी ताकद रोगाशी लढते ती माझ्या बाबतीत माझ्याच नसांवर उलटली होती. नसांवरचं आवरण ती सोलून काढत होती. वायरवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडावं, तसं.

"रक्तात कसं काही नाही मग?" मी विचारलं.

"साध्या तपासण्यांत नाही दिसत, काका. पण आता औषध सुरू केलं की तुमचं रक्त बदलेल, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल."

औषध म्हणजे गोळ्यांमध्ये स्टिरॉइड, आणि शिरेतून सलाइनसारखं सोडायचं ते इम्युनोग्लोब्युलिन. पाच दिवस लागोपाठ, मग दर तीन आठवड्यांनी पुन्हा. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून ते वेगळं काढतात. बाटली टांगलेली असायची आणि मी खाली पडून विचार करायचो की यात कोण कोण असेल. कुठला कोण माणूस, कुठल्या जातीचा, काय खाणारा, काय पिणारा. सगळे थेंब-थेंब माझ्या अंगात उतरत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. "फक्त एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पाणी भरपूर प्यायचं. तीन लिटर. हे औषध घट्ट असतं, अंगात पाणी कमी पडलं तर किडनीला त्रास होतो." मी मान हलवली. मला काय सांगता, असा माझा चेहरा असणार.

आता जे सांगायचं ते सांगताना माझी मान खाली जाते.

आमच्या घरात एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईबापानं पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. माझ्या आजोबांनी पाळली, वडलांनी पाळली, माझ्या बायकोनं तर इतकी पाळली की नांदेडला जाताना ती पिशवीत पाण्याचा डबा आणि भाकरी घेऊन जायची आणि लेकीच्या ओट्यावर बसून आपलीच भाकरी खायची. आजकाल लोकांनी हे सोडलंय. आमच्या भावकीतच दहा घरांनी सोडलंय. मी नाही सोडलं. का विचाराल, तर लेक दिली, आता तिचं काही घ्यायचं नाही, एवढंच डोक्यात. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं.

पहिल्या पाच बाटल्या दवाखान्यात भरती होऊन झाल्या. तोपर्यंत ठीक. तिथलं पाणी दवाखान्याचं, जेवण कँटीनचं. पण सुट्टी झाली तेव्हा लातूरचा जिना काही मला चढता येणार नव्हता. जावई म्हणाले, "मामा, आता घरीच. वाद न्हाई."

जावयांचं टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान आहे. मी दवाखान्यात होतो तेवढ्या दिवसांत त्यांनी खालच्या खोलीला लागून असलेल्या मोरीत उंच कमोड बसवला होता, भिंतीला स्टीलचे दांडे ठोकले होते, आणि फरशी खरखरीत, पाय न घसरणारी घातली होती. मला दाखवताना एवढे खूश होते की जणू माझ्यासाठी देवघरच बांधलं. मी "छान," एवढंच म्हणालो.

त्या माणसाचे पाय मी लग्नात ताटात घेऊन धुतले होते. धोंड्याच्या महिन्यात त्यांना लातूरला बोलावून, पाटावर बसवून, चांदीचं निरांजन आणि अनारसे दिले होते. बोलताना अजून मी त्यांच्याशी एकेरी होत नाही, आणि त्यांच्यासमोर पाय पसरूनही बसत नाही. आणि आता तेच मला काखेत हात घालून उचलायचे, कमोडवर बसवायचे, आणि दाराकडे पाठ करून उभे राहायचे. "झालं का मामा?" "हाव, झालं." मग उठवायचे. लुंगी सावरायचे. सकाळी दुकानाला जायच्या आधी लघवीचं भांडं हाताशी ठेवून जायचे आणि दुपारी जेवायला आले की स्वतः नेऊन ओतायचे. मी लेकीला सांगितलं, तू हात लावू नको. लेकीनं करणं म्हणजे अजूनच मेल्याहून मेलं. पण जावयानं करणं हेही जगण्यासारखं नव्हतं. भांड्यात लघवी पडतानाचा आवाज सगळ्या खोलीत व्हायचा आणि मी छताकडे बघत असायचो.

जेवणाचं मी आधीच जमवून ठेवलं होतं. "स्टिरॉइड चालू आहे, डॉक्टरांनी अळणी खायला सांगितलंय, तुझ्या हातानं मीठ कमी पडायचं नाही," असं लेकीला सांगून एका खानावळीतून डबा लावला. डबा घेऊन येणाऱ्या बाईला सांगितलं, रोज एक सीलबंद पाण्याची बाटली आण. जावयांना सांगितलं, घरचं पाणी मला बाधतं. लेकीला रीत माहीत होती. तिच्या स्वयंपाकघरात फोडणी पडायची, वास माझ्या खोलीत यायचा, आणि मी माझ्या डब्यातलं गार वरण बोटानं चाटायचो.

आता नांदेडचा उन्हाळा. एप्रिल लागलेला. कूलरसमोर बसलं तरी ओठ फुटतात. त्यात ती एक बाटली. तिच्यातलं थोडं सकाळी गळ्यातल्या लिंगाच्या पूजेला जायचं, त्याचं तीर्थ मी घ्यायचो. गोळ्या लेकीच्या घरच्या पाण्यानं गिळायचो. गोळी गिळण्यापुरतं पाणी म्हणजे औषध, ते पाणी नव्हे, असा मी माझ्यापुरता निकाल देऊन टाकला होता. स्टिरॉइडनं साखर वाढली होती. साखर वाढली की लघवी वाढते. लघवी वाढली की भांडं भरतं, आणि भांडं भरलं की जावयाला हाक. हे सगळं मला तोंडपाठ, लोकांना समजावून सांगून माझी हयात गेली. मी त्यावर उपाय काढला तो असा की उरलेली बाटलीही मी पुरती पीत नव्हतो. दुपारनंतर तर नाहीच. बाटली दुसऱ्या दिवशी अर्धी शिल्लक असली की मला बरं वाटायचं. रीतही राहिली, आणि जावयाची एक खेपही वाचली. काय हुशारी!

दुसऱ्या वेळच्या औषधाआधी रक्त तपासलं. रिपोर्ट डॉक्टरीणबाईंच्या हातात आणि त्यांच्या कपाळाला आठ्या. क्रिएटिनिन एकचं दोनच्या वर गेलं होतं, युरिया तिशीचा शंभराजवळ.

"काका, किडनीवर परिणाम दिसतोय. आधी तर सगळं नॉर्मल होतं." त्यांनी पानं उलटीपालटी केली. "औषधाचाच असू शकतो. आता पुढचा डोस देणं धोक्याचं आहे. थांबवावं लागेल. पाणी पिता ना व्यवस्थित?"

जावई शेजारी उभे होते. "हाव, पितात की," जावईच म्हणाले. "रोज बाटलीचं येतंय. घरचं पाणी त्यांना बाधतं म्हणून."

मी तो रिपोर्ट मागून घेतला. एका नजरेत समजलं. युरिया क्रिएटिनिनच्या मानानं फारच वर. सोडियम वर. अल्ब्युमिन वर. हिमोग्लोबिन चौदाचं सतरा, आणि मी काही रातोरात पैलवान झालो नव्हतो. रक्त वाढलेलं नव्हतं, आटलेलं होतं. असा रिपोर्ट माझ्या काउंटरवर कुणाचा आला असता तर मी तिथूनच ओरडलो असतो, "काय रे, पाणी प्यायची लाज वाटते का तुला?" पण औषध नवं, महाग, किडनीला त्रास देणारं म्हणून नावाजलेलं, आणि पेशंट स्वतः लॅबवाला, मग तो पाणी पिणार नाही असं त्या बिचाऱ्या बाईंना का वाटावं? मी रिपोर्ट परत दिला. म्हणालो, "बघा बुवा. तुम्ही म्हणता तसंच असेल."

बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, का नाही पीत? आणि त्याचं उत्तर जावयासमोर द्यावं लागलं असतं.

औषध थांबलं. पहिल्या डोसानं पायात जो थोडा जीव आला होता तो हळूहळू ओसरायला लागला. आधी मी दांडा धरून दोन-चार पावलं टाकायचो, ते बंद झालं. मग हाताची पकड गेली. घास तोंडाशी नेताना वाटेत सांडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की फार दिवस असं राहिलं तर नसा आतून मरतात, मग नंतर औषध देऊन उपयोग नाही. हे मला माहीत होतं आणि मी माझी अर्धी बाटली पीत पडून होतो. मला मरायचं नव्हतं, हेही सांगतो. मला चालायचं होतं. लॅबला जायचं होतं. पण रोज सकाळी वाटायचं, आज गुपचूप दोन बाटल्या मागवू, आणि रोज ते भांडं डोळ्यांसमोर यायचं. माणूस एवढा मूर्ख असू शकतो, हे मी दुसऱ्याबद्दल ऐकलं असतं तर पटलं नसतं.

एका दुपारी लाईट गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम शांत झालं. पलीकडच्या खोलीत जावई जेवत होते, लेक वाढत होती. ती नांदेडच्या एका शाळेत शिकवते, सकाळची शाळा करून नुकतीच आली होती. कूलरच्या आवाजात जे ऐकू येत नाही ते ऐकू आलं.

"किडनीच्या डॉक्टरची उद्याची वेळ घेतलीय," जावई म्हणत होते. "आन हे बघ, वेळ आलीच तर घाबरायचं न्हाई. लोक देतात एक किडनी. काय होत न्हाई."

"माझी देईन ना मी," लेक म्हणाली. रडत होती बहुतेक.

"तुझी कशाला? तुला पुढं बाळंतपण करायचंय. माझी देऊ. आधी गट जुळतो का ते बघू."

"काहीही काय बोलून राहिलात? भोकरला तुमच्या घरी काय म्हणतील?"

"त्यांना सांगतंय कोण? जरा आमटी वाढ."

मी डोळे मिटून पडलो होतो. तो माणूस आमटी खाता-खाता मला किडनी देत होता. माझी किडनी धडधाकट होती. तिला फक्त पाणी पाहिजे होतं. त्याच्या घरचं पाणी मी पीत नव्हतो आणि तो मला किडनी देणार होता! अरे, कुठं फेडशील हे पाप, असं मी स्वतःलाच म्हणालो, मोठ्यानं म्हणालो की मनात ते आठवत नाही. मग हाक मारली. घसा एवढा कोरडा होता की पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

"बाई... पाणी दे."

लेक दारात आली. "बाटली संपली का? डबेवाली तर गेली, अप्पा. थांबा, मी चौकातून आणते."

"बाटलीचं नको. घरचं दे. माठातलं."

ती तिथंच उभी राहिली. लगेच गेली नाही. मुलांच्या वह्या तपासणारी ती, तिला चूक कुठं आहे ते शोधायला वेळ लागत नाही. खाटेखालची बाटली तिनं उचलली. अर्धी होती, आणि दुपार टळत आलेली.

"दिवसाला किती पाणी पिता तुम्ही?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. युरियाचं, सोडियमचं, आटलेल्या रक्ताचं. भांड्याचंही सांगितलं. जावई तिच्या मागे येऊन उभे राहिले होते, हाताला आमटी तशीच. तरी सांगितलं. सांगताना मी त्या दोघांकडे बघत नव्हतो. पंख्याकडे बघत होतो, जो बंद होता.

लेक ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, माझीच लेक ती.

"हजार लोकांचं रक्त चाललं तुम्हाला," ती म्हणाली. "कोण कुठले हजार लोक. त्यातल्या कुणाला मूल आहे का न्हाई ते विचारलं का तुम्ही? आन माझ्या माठातलं पाणी चालत न्हाई."

"अगं माय, तुझ्यासाठी नव्हे ते. रीत..."

"माझ्यासाठी न्हाई तर कुणासाठी? तुम्ही येता, पिशवीतली बाटली काढता. शेजारचे बसलेले असतात, भोकरहून सासूबाई आलेल्या असतात. काय कळतं त्यांना? हिला अजून काही न्हाई, हेच कळतं. दर वेळेला तुम्ही येऊन सांगून जाता. सहा वर्षं." तिनं हातातली बाटली खाटेवर टाकली. "माझ्या तपासण्या कुठं झाल्या माहीत आहे का तुम्हाला? इथं, गल्लीतल्या लॅबमध्ये. एवढी स्वतःच्या बापाची लॅब, पण मी रक्त तुमच्याकडे न्हाई पाठवलं. तुम्ही काउंटरवरून काय काय बोलता ते लहानपणापासून ऐकलंय मी."

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. लातुरातल्या किती पोरींचे ते हार्मोनचे रिपोर्ट माझ्या हाताखालून गेले असतील. कुणाचं काय कमी, कुणाचं काय जास्त, मला माणसाचं तोंड बघून आठवतं. माझ्या लेकीचा एकही नाही. मी विचारलं, काय निघालं? विचारायला नको होतं, पण सवय.

"नॉर्मल," ती म्हणाली. "दोघांचंही. सगळं नॉर्मल आहे, अप्पा. तुमचं होतं तसं."

मग जावईच हलले. हात धुऊन आले, माठातून तांब्या भरून आणला, माझ्या डोक्याखाली हात घालून उचललं आणि तांब्या तोंडाला लावला. मी प्यालो. अर्धं छातीवर सांडलं. दुसरा तांब्या प्यालो. गार, मातीचा वास येणारं पाणी, आणि मला रडू कोसळलं. लहान पोर रडावं तसा रडलो. जावई म्हणाले, "हळू मामा, ठसका लागंल."

त्या संध्याकाळी मी अंथरूण भिजवलं. इतक्या दिवसांनी एवढं पाणी, आणि हातात भांडं धरायची पकड उरली नव्हती. गादी, लुंगी, फरशी, सगळं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. जावयांनी बादली आणली आणि म्हणाले, "दुकानात गिऱ्हाइकाला सांगत असतो, ही टाइल धुवायला लई सोपी. आता खात्री पटली." मी हसलो नाही. ते एकटेच हसले. लेक नवीन चादर घेऊन आली, घातली आणि गेली.

चार-पाच दिवसांत क्रिएटिनिन खाली आलं, युरिया उतरला. डॉक्टरीणबाईंना मी फोनवर नाही, समोर बसून खरं काय ते सांगितलं. त्या काही रागावल्या नाहीत. "रीतीचं आम्हाला कॉलेजात शिकवत नाहीत, काका," म्हणाल्या आणि दुसरा डोस सुरू केला. आता दर तीन आठवड्यांनी घेतो. काठी धरून चालतो, एक पाय अजून जरा ओढतो. लॅबला जातो, खुर्चीवर बसून. कुणाचा रिपोर्ट असेल त्याला आत बोलावतो, दार लावतो आणि मग सांगतो.

औषधासाठी नांदेडला गेलो की लेकीकडे उतरतो. डबा बंद केला. आता पंगतीला बसतो, तिनं केलेली ज्वारीची भाकरी खातो, माठातलं पाणी पितो. परवा असाच जेवत होतो. भेंडीची भाजी होती, चांगली झाली होती. जावई दुकानात होते. मला वाटलं, आता तिच्या मनातली अढी गेली असेल. आपण एवढं मोडलं, आपल्या बापजाद्यांचं मोडलं, आता तिनंही काहीतरी बरं बोलावं. खरंच, मला कौतुक पाहिजे होतं. म्हणून मीच म्हणालो, "बघ, आता तर पाणीही पितो तुझ्या घरचं. जेवतोही. झालं ना समाधान?"

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. वळली नाही.

"अप्पा, तुम्ही किडनीसाठी प्यालात," ती म्हणाली. "क्रिएटिनिन वाढलं नसतं तर आजही बाटली घेऊनच बसला असतात."

रागानं नाही म्हणाली. भाकरी फुगली का ते बघत म्हणाली. फुगलेली भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली आणि विचारलं, वरण वाढू का? मी म्हणालो, वाढ. तिचं काही खोटं नव्हतं.